शंभराला एकशे दोन

मित्रांनो, मी एक जुनं मोजणीचं चाक आहे. वर लांब दांडा, खाली रबराची धाव आणि मध्ये मीटर मोजणारं छोटं यंत्र. रस्ते विभागात माझ्याइतकं चाललेलं दुसरं कुणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. छाती नसली म्हणून काय झालं?

मी नवा होतो तेव्हा मला कामच नव्हतं. जिथून तक्रारींची ओरड जास्त, तिथले खड्डे आधी बुजवायचे, अशी तेव्हा रीत होती. मी कपाटामागे धूळ खात पडलो होतो. मग विभागात एक नवी इंजिनिअर आली. सगळे तिला ताई म्हणत. तिने मला पुसलं, दांड्याचा स्क्रू आवळला आणि म्हणाली, "चल रे बाबा, आपल्याला अख्खं शहर मोजायचंय."

सहा वर्षं आम्ही चाललो. कोणता रस्ता किती लांब, कुठे भेगा, कुठे पाणी साचतं, सगळं ताई वहीत उतरवायची. केसाएवढी भेग वेळीच भरली तर रस्ता वर्षानुवर्षं टिकतो. तिच्यात पाणी मुरलं की सगळा रस्ता उखडावा लागतो. म्हणून तिने वीस वर्षांचा आराखडा केला, कोणत्या रस्त्याला कोणत्या वर्षी हात लावायचा त्याचा. पहिलं नाव दवाखान्याच्या रस्त्याचं होतं, त्याला तेव्हा नुसत्या केसाएवढ्या भेगा होत्या. लोक हसले. "धडधाकट माणसाला कशाला औषध?"

मंजुरीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला उचलून उलटं धरलं. "अहो ताई, ह्याची धाव पार झिजलीय! ह्याच्या आकड्यांवर वीस वर्षांचं नियोजन? आकडे चुकीचे निघाले तर आराखडा रद्द. बसू पुन्हा खड्डे बुजवत."

मेलो! झिजलो तर मी खरंच होतो.

आवारात फीत लावून शंभर मीटर आखले आणि मला त्यावरून फिरवलं. धाव झिजली की चाक लहान होतं, त्याचे फेरे वाढतात. मी दाखवले एकशे दोन. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझ्यापायी ताईची सहा वर्षं पाण्यात!

ताईने मात्र शांतपणे वही पुढे केली. कामाला निघण्याआधी ती रोज मला शंभर मीटर फिरवून आणायची. मला वाटायचं, लाडाने फिरवते! त्या दिवसाच्या पानावर पहिलीच ओळ होती, "आज चाक शंभराला एकशे दोन दाखवतं." प्रत्येक पानावर अशी एक ओळ होती, आणि तेवढी चूक वजा करूनच पुढच्या लांब्या लिहिलेल्या होत्या.

साहेब खमके. त्यांनी दवाखान्याचा रस्ता स्वतः फितीने मोजला. फितीवर आले चारशे बारा मीटर. वहीत होते चारशे बारा.

"मानलं बुवा तुम्हाला!" साहेब म्हणाले आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी आराखड्यावर सही केली.

त्याला अकरा वर्षं झाली. दवाखान्याच्या रस्त्यावर आजवर एकही खड्डा पडलेला नाही. रुग्णवाहिका सुसाट जाते आणि आतल्या आजाऱ्याला साधा हिसकाही बसत नाही. ते पाहून मला काय आनंद होतो म्हणून सांगू!

मित्रांनो, रस्ता असो, चाक असो की माणूस, झिजायचंच. झिजलं म्हणून कुणाला फेकू नका आणि झिजलंच नाही असा आवही आणू नका. किती झिजलं ते रोज बघा, तेवढं वजा करा आणि खुशाल पुढे चला.