धुरात वाळलेला फुलोरा

मेर्लेने मला मिखेलच्या सणापर्यंतची मुदत दिली होती. "सप्टेंबर संपता संपता मिखेलचा दिवस येतो. तोवर तू काढायचं म्हणतेस त्या झाडपाल्याच्या औषधघरात एक तरी गिऱ्हाईक आलं, तर राहा बापडी इथे. नाही आलं तर घराला कुलूप, आणि तू ताल्लिनला माझ्याकडे. आणि हे बघ आई, शेजारची आल्वीना धरायची नाही. ती दयेपोटी काहीही घेईल."

माझी लेक आहे, अटी घालण्यात बापावर गेलीय. माझ्या नवऱ्याला, हिल्लारला, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ताल्लिनला मेर्ले सातव्या मजल्यावर राहते, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. मला समुद्राशी काय करायचंय? मला माझं अंगण हवं होतं, आणि अंगणातलं लिंडनचं झाड.

मग मी हिल्लारची हत्यारांची खोली रिकामी केली. फळ्या ठोकल्या, पत्र्याचे डबे घासून ओळीने मांडले. रानपुदिना झाला, कॅमोमाईल झालं, रास्पबेरीची पानं झाली. पण थंडीत कोणी शिंकलं, खोकलं की आमच्याकडे आधी लिंडनचा फुलोरा उकळतात. तो नसेल तर बाकीच्या डब्यांना कोण विचारतो?

जुलैत झाड फुललं. फुलोरा जेमतेम दहा दिवस टिकतो. मी शिडीवर चढले की मधमाश्यांच्या गुणगुणीने डोळे जड व्हायचे. हात आपोआप खुडत राहायचे. खाली हिल्लार शिडी धरून उभा आहे असं इतकं खरं वाटायचं, की मी खाली न बघताच त्याच्याशी बोलायचे. मेर्ले फोनवर रागावली, आल्वीनाच्या कोंबड्या परत आपल्या वाफ्यात शिरल्या, असलंच काहीबाही. तो आपला गप्प. जिवंत होता तेव्हा तरी कुठे बोलायचा म्हणा!

आणि मग धुकं आणि भुरभूर सुरू झाली. फुलोरा पसरायचा असतो माळ्यावर, पण चार दिवसांत माळ्यावरच्या चादरीसुद्धा दमट झाल्या. फुलं काळी पडायला लागली. शनिवारी मी नेहमीसारखा सौना, म्हणजे आमची वाफेच्या अंघोळीची खोली, लाकडं जाळून तापवला होता. रविवारी सकाळी तो अजून उबदार होता, कोरडा, अंधारा. मी सगळा फुलोरा उचलून तिथल्या मचाणावर पसरला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बाकावर आडवी झाले. सोनेरी झोप लागली मला तेव्हा, दीड वर्षातली पहिली.

फुलोरा वाळला छान, अगदी कुरकुरीत. पण आमचा सौना जुन्या पद्धतीचा, बिनधुराड्याचा. भिंती काजळीने काळ्या, आणि तीस वर्षं ईस्टरच्या आधी हिल्लार तिथेच डुकराच्या मांड्या धुरी द्यायला टांगायचा. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं की तिथे जे ठेवाल त्याला तो वास लागतो. मला बाईला, वय वर्षं त्रेसष्ट, कळलं नाही.

आल्वीनाने डबा उघडला, नाक खुपसलं आणि म्हणाली, "आइता, हे औषध आहे की जेवण? याच्याबरोबर मोहरीची चटणी पण देतेस का?"

"हसू नकोस गं."

"हसू नको तर काय करू? चौऱ्याऐंशी वर्षांची झाले, खोकल्यावर डुकराची मांडी पहिल्यांदाच बघतेय."

दोन दिवसांत गावभर झालं. दुकानाशी भेटलेली माणसं विचारायची, "काय आइता, यंदा सॉसेजचा काढा कधी?" सगळं मुसळ केरात. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, दाराची कडी कोणी वाजवली नाही. तो डबा मात्र माझ्याच्याने फेकवला नाही. का, ते मलाही सांगता येत नव्हतं.

मिखेलच्या दिवशी मेर्ले गाडी घेऊन आली, मागच्या सीटवर पुठ्ठ्याची खोकी रचून. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिलाही झोप लागत नाही, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. खोक्यांवर ती जाड पेनाने लिहायला लागली, 'न्यायचं', 'टाकायचं'. लिहिता लिहिता खोकली.

निघायचं म्हणून बाकीचे डबे मी कालच रिकामे केले होते. उरला होता तोच डबा. मी चिमूटभर फुलोरा टाकला, मध घातला आणि कप पुढे केला. म्हटलं, जाता जाता तीही हसून घेईल.

तिने कप तोंडाशी नेला आणि तशीच थांबली.

"आई, यात बाबा आहेत."

"काहीतरीच."

"नाही गं. शनिवारी सौन्यातून बाहेर आलं की बाबा मला त्यांच्या कोटात गुंडाळून घरात आणायचे, तेव्हा कोटाला हाच वास यायचा. हाच." तिने घोटाघोटाने कप संपवला. मग चुलीजवळच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन आडवी झाली आणि बघता बघता झोपली. खिडकीतून ऊन तिच्या केसांवरून सरकत गेलं. मी समोर बसून रडले, आवाज न करता, पण पोटभर.

चार तासांनी ती उठली. केस विस्कटलेले, गालावर बाकाचा वळ. तिने ते जाड पेन शोधलं, डब्यावर चिकटवलेल्या 'लिंडन'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'शनिवार'.

"एक मोठी पुडी बांध," ती म्हणाली.

"कोणासाठी?"

"मला हवीय. दारातून आलेलं गिऱ्हाईकच ना मी? आल्वीना थोडीच आहे मी." आणि तिने खिडकीबाहेर बघितलं. "मिखेलचा दिवस अजून मावळला नाहीये, आई."

मी कागद घ्यायला उठले.