मेलेला कमरुद्दीन

अख्खं नेरे गाव तुळशीराम भगताच्या अंगणात लोटलं होतं. भगताने बाटलीतलं तीर्थ फडक्यावर शिंपडून गोदूच्या नाकाशी धरलं. पुन्हा तेच झालं. मोडका हात पोटाशी घेऊन ती कळवळली, "कमरुद्दीन, धर... ओढ अजून..."

गावात या नावाचं कुणी नव्हतं. भगताने सांगितलं, हा खाडीत बुडून मेलेला हाय. पनवेलच्या दवाखान्यात गोदूला बेशुद्ध केली, तिचा जीव बाहेर आणि हा आत. मेलेल्यांची हजेरी जणू त्याच्याकडेच असायची! उपाय एकच, तापल्या विळ्याचा डाग.

विळा लाल झाला होता. डागाहून जास्त धास्ती गोदूला त्या नावाची होती. हात बसवला तेव्हाचं तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं. मग हे बोलतंय कोण? नवरा शिवा तिला धरून उभा होता, पण तोही तिच्याकडे बघायला भीत होता.

बोलावूनही गोदू हात दाखवायला आली नाही, म्हणून पनवेलचे डॉक्टर नाथन कंपाउंडरला घेऊन नेऱ्याला आले, ते नेमके तेव्हाच. त्यांनी फडकं हुंगलं आणि गोदूला झटकन विस्तवापासून दूर ओढलं.

"हे बेशुद्धीचं औषध आहे, भडकन पेटतं. तुळशीराम, तू दाढ दाखवून गेलास त्या दिवसापासून आमची एक बाटली सापडत नाही."

भगत बाटली पाठीमागे लपवू लागला. शिवाने बुडालेल्या कमरुद्दीनची गोष्ट डॉक्टरांना सांगितली.

"आणि हा कमरुद्दीन."

कंपाउंडर पुढे झाला. "मी कधी बुडालो?" त्याने विचारलं. गोदू थिजून बघत राहिली.

हात बसवायच्या दिवशी दवाखान्यात उपाशी यायला सांगितलं होतं, तरी रिकाम्या पोटी घराबाहेर कसं पडायचं म्हणून सासूने गोदूला पेज पाजली होती. औषध हुंगवताना मध्येच तिला उलटी झाली.

"मी औषध थांबवलं आणि अर्धवट गुंगीतच हाड ओढलं," डॉक्टर म्हणाले. "जबर दुखलं की मन तशातही काही धरून ठेवतं. एरवी आठवत नाही, पण तोच वास आला की वर येतं. ते शब्द माझेच, गोदू, मी कमरुद्दीनला सांगत होतो. तुझ्यात दुसरं कुणी नाही."

मग ते गावाकडे वळले. "भीती वाटली तर वाटू द्या. पण डाग द्यायच्या आधी बाटलीत काय आहे, एवढं तरी विचारा."

गोदूने चांगल्या हाताने कळशी उचलली आणि विळ्यावर ओतली.