डॅशबोर्डला भोक

वन्संना गाडीला भोक पाडलेलं चालणार नव्हतं. "माझ्या डोक्याला पाड हवं तर, तिथे नाहीतरी फारसं काही नाही," त्यांनी सांगून टाकलं होतं, "पण डॅशबोर्डला ड्रिल लागलं तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही." आता वन्सं जन्मात बोलणार नाहीत ही धमकी समजायची की बक्षीस, यावर घरात दोन मतं पडली असती. पण फ्यूजबाईने निमूटपणे ड्रिल खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं."

फ्यूजबाई म्हणजे वन्संच्या धाकट्या भावाची बायको. हे नाव वन्संनीच ठेवलेलं. एक तर तिचा धंदा गाड्यांच्या वायरिंगचा, घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान. दुसरं म्हणजे ती कधी भांडायची नाही. राग आला की नुसती गप्प व्हायची आणि सगळ्या घराला अंधार पडल्यासारखं व्हायचं. वन्संचं अगदी उलट. त्या झोपेतसुद्धा बोलायच्या, आणि झोपेतही त्यांचंच खरं असायचं.

या वन्सं डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर दवाखान्याची औषधं पोचवायच्या. गाडी त्यांच्या वडिलांची, म्हणजे फ्यूजबाईच्या मामंजींची. चारही चाकांना जोर देणारी, पत्र्याची, खटारा म्हणावी तर वन्सं अंगावर धावून येतील अशी. तिचं नाव म्हातारी. मामंजी गाडी सुरू करण्याआधी डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या बाजूला, दोनदा थाप मारायचे. वर्षानुवर्षं मारून तिथला रंग उडाला होता आणि तळहाताएवढी जागा गुळगुळीत झाली होती. वन्संही तिथेच थाप मारायच्या. म्हणून तर तो डॅशबोर्ड देव्हाऱ्यासारखा जपायचा.

रेडिओचं खूळ फ्यूजबाईच्या डोक्यात शिरलं ते म्हातारीचा चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला तेव्हा. डोंगर ओलांडला की फोन मुका होतो. वन्सं रात्रभर रस्त्यात अडकल्या आणि इकडे घरात कुणाच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरला नाही. सकाळी एका ट्रकमागे दोर बांधून त्या आल्या, वर "मेले नाही अजून, चहा टाका" म्हणाल्या. सगळे हसले. फ्यूजबाई हसली नाही. ती मागे मोरीवर जाऊन तोंडात पदर कोंबून रडली, आणि त्याच आठवड्यात तिने दोन रेडिओ आणले. एक दुकानात ठेवायला, एक गाडीत बसवायला. दोन्हीकडून बोलता येणारे.

काम तिने असं केलं की जणू स्वतःच्या लेकराच्या अंगावर टाके घालतेय. वायर सरळ बॅटरीवरून घेतली, किल्ली काढली तरी रेडिओ चालू राहावा म्हणून. बॅटरीपाशीच फ्यूज. पत्र्यातून वायर आत घेतली ती जुन्याच भोकातून, रबरी बूच लावून, धार लागून कापली जायला नको. अँटेना टपाच्या कडेला पकडीने आवळली. रेडिओ जुन्याच बोल्टवर, डॅशबोर्डच्या पोटाखाली. पहिल्यांदा चालू केला तर इंजिनाच्या तालावर कुईंकुईं यायला लागलं.

"हे काय, कुत्र्याचं पिल्लू कोंडलंयस का आत?" वन्संनी विचारलं.

"गाडीचा पत्रा आणि रेडिओ यांचं नीट जुळलेलं नाही अजून," फ्यूजबाई म्हणाली. तिने बोल्टाखालचा रंग खरवडला, पुन्हा आवळलं, आणि पिल्लू गप्प झालं.

उरला माइक. गाडी हलते, माइक हातापाशी घट्ट अडकवलेला हवा. तो ज्यात अडकतो तो खटका बसवायला दोन स्क्रू पुरे होते, आणि तिथेच वन्सं आडव्या आल्या. मग फ्यूजबाईने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून खटका डॅशबोर्डला डकवला. मनात पाल चुकचुकली. उन्हात तापलेल्या पत्र्यावर टेप किती तग धरणार, हे तिला कळत नव्हतं थोडंच? पण वन्संचा शब्द. आणि वन्संचा शब्द तिला का मोडवत नव्हता, त्याला कारण होतं.

ही पुढची खोली, जिथे आज तिचं दुकान होतं, ती मूळची वन्संची. रस्त्यावर उघडणारी, हवेशीर, घरातली सगळ्यात चांगली खोली. नवीन सून हातात पक्कड घेऊन दुसऱ्यांच्या गाड्यांखाली शिरणार म्हटल्यावर घरात तोंडं वाकडी झाली होती. तेव्हा वन्संनी कुणाला न विचारता आपली खाट उचलली, मागच्या अडगळीच्या खोलीत नेऊन टाकली आणि म्हणाल्या, "पुढे दुकान घाल. रस्त्यावर आहे, गिऱ्हाईक येईल. मला उजेडात झोप लागत नाही." ही शुद्ध थाप होती. वन्संना भर उन्हात कट्ट्यावरसुद्धा झोप लागायची. पण त्यावर पुन्हा कधी कुणी बोललं नाही. घरातल्या माणसाचे आभार कसले मानायचे? परकं केल्यासारखं वाटतं. फ्यूजबाईच्या पोटात मात्र ते इतकी वर्षं तसंच राहिलं होतं, आणि रोज त्या खोलीचं दार उघडताना तिला ते आठवायचं.

मग तिने रेडिओ कसा वापरायचा ते शिकवलं. "बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबून ठेवलंत तर दुसऱ्याचं काही ऐकू येणार नाही." म्हणजे अगदी तुमच्यासारखाच आहे, हे ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. "आणि बटण चुकून दाबलेलं राहिलं तर तीन मिनिटांनी हा आपोआप तुमचं बोलणं तोडतो आणि शिट्टी मारत बसतो."

"माझं बोलणं तोडणारा अजून जन्माला यायचाय," वन्सं म्हणाल्या. "काढून टाक ते."

"बरं."

फ्यूजबाईचं 'बरं' घरात प्रसिद्ध होतं. कधी त्याचा अर्थ 'बरं' असायचा आणि कधी 'बघू'.

काही दिवस सगळं छान चाललं. वन्सं वरून हाळी द्यायच्या, "फ्यूजबाई, खिंड ओलांडली, भाताला लाव!" आणि रस्त्यावरून जाणारे थांबून ऐकायचे. फ्यूजबाईला त्या आवाजाची सवय झाली. तो आला की हातातलं काम हलकं व्हायचं.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. दुपार कलली होती आणि फ्यूजबाई एका टेम्पोचा हॉर्न दुरुस्त करत बसली होती, टेम्पोवाला शेजारी उभा होता, तेवढ्यात दूधगाडीवाला धावतच दुकानात शिरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ओढ्यावरचा पूल बसला," तो म्हणाला. "दगडांची लॉरी गेली आणि मधला भागच खाली गेला. मी या बाजूला दगड लावून आलोय. पण पलीकडे कोण जाणार? तिकडून येणाऱ्याला वळण संपेपर्यंत काही दिसत नाही. तुमच्या वन्सं..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. वन्संची परतीची वाट तीच, आणि वेळही हीच. वळणावर त्या गाडी कशी सोडतात हे साऱ्या रस्त्याला माहीत होतं.

फ्यूजबाईने माइककडे हात नेला आणि त्याच क्षणी रेडिओतून वन्सं बोलायला लागल्या.

"...तर मी काय म्हणत होते, म्हातारे..."

फ्यूजबाईने बटण दाबलं. "वन्सं! वन्सं, थांबा! पूल पडलाय!"

सोडलं. वन्सं आपल्याच नादात. मागे इंजिनाची घरघर, बाटल्यांची किणकिण.

"...तुला मोडीत काढायला निघाले होते सगळे. बाबा गेले आणि तू पण बंद पडलीस. उंदरांनी वायरी खाल्लेल्या. मी आपली रोज येऊन तुझ्यात बसायचे..."

पुन्हा दाबलं, पुन्हा ओरडली. काही उपयोग नाही. आणि मग काय झालंय ते फ्यूजबाईला लख्ख कळलं. टेप उन्हाने सुटली होती. खटका माइकसकट खाली पडला होता आणि कशाला तरी टेकून माइकचं बटण दाबलं गेलं होतं. वन्संना पत्ताच नव्हता. त्या गाडीशी बोलत होत्या, जशा नेहमी बोलायच्या, आणि जोवर बटण दाबलेलं होतं तोवर त्यांना कुणाचंही काही ऐकू येणार नव्हतं.

"टायमर," ती स्वतःशीच म्हणाली. "तीन मिनिटांनी टायमर तोडेल."

आणि तिला आठवेना. आपण तो काढला होता की ठेवला होता? वन्संनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. भोक नको, ते तिने ऐकलं होतं. टायमर नको, तेही ऐकलं होतं का? 'बरं' म्हटल्याचं आठवत होतं. कोणतं 'बरं' होतं ते?

"...आणि मग ही आली," रेडिओ सांगत होता. "नवी नवरी. कुणाशी धड बोलायची नाही. एक दिवस बघते तर तुझ्याखाली उताणी पडलेली, तोंडभर काळं. सगळी वायरिंग उपसून नवी घातली पोरीने. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का गं? तर म्हणे, तुम्ही तिच्यात बसून रडता ना, मग ती चालू असलेली बरी."

फ्यूजबाईने तोंडावर हात धरला. दूधगाडीवाला खाली बघायला लागला.

"तिच्यामुळे मी आज रस्त्यावर आहे, नाहीतर शेंगा सोलत बसले असते घरात. सगळ्यांना वाटतं मी तिला खोली दिली. अगं, खोली काय, तिने मला जगणं दिलं. आणि मी? एक चांगला शब्द नाही कधी. सकाळी दारात उभी राहून म्हणाली, वन्सं, हळू. मी खेकसले तिच्यावर. थोबाडीत मारायला हवी माझ्या."

"वन्सं, बटण सोडा हो," फ्यूजबाई हात जोडून त्या पत्र्याच्या डब्याला म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

"आज सांगतेच. तोंडावर नाही जमायचं मला, या डबड्यावरच सांगते. एवढा पूल ओलांडला ना, की..."

आणि आवाज बंद झाला.

टेम्पोवाल्याच्या हातातली किल्ली पडली आणि सगळे दचकले. टायमर की पूल? फ्यूजबाईचा अंगठा बटणावर होता आणि तो तिला दाबवत नव्हता. मग तिने दाबला.

"वन्सं, थांबा. आहात तिथेच थांबा. पूल पडलाय. वन्सं, ऐकताय ना?"

सोडला. खरखर. नुसती खरखर.

"अगं थांबलेच आहे मी!" रेडिओ कडाडला. "हे तुझं डबडं शिट्टी मारून मारून डोकं उठवतंय, ते शोधायला थांबले! सीटखाली जाऊन पडलंय कार्टं. तुला सांगितलं होतं ना ती शिट्टी काढून टाक म्हणून? आणि पूल काय म्हणालीस?"

फ्यूजबाईला रडू फुटलं. दूधगाडीवाल्याने तिच्या हातातून माइक घेतला आणि सगळं सांगितलं. मग वन्संचा आवाज आला, कधी नव्हे तो बारीक.

"वळणाच्या तोंडाशी आहे मी," त्या म्हणाल्या. "वरच्या रस्त्याने फिरून येते. उशीर होईल. काळजी करू नको म्हणावं तिला."

दिवेलागणीला म्हातारी दारात येऊन थांबली. वन्सं उतरल्या, पण घरात गेल्या नाहीत. पडलेला खटका हातात घेऊन दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या.

"किती ऐकलंस?"

"काही नाही," फ्यूजबाई म्हणाली. "खरखरच होती सगळी."

"खोटारडी." वन्संनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, मग दुसरीकडे. "ड्रिल आण."

"वन्सं, अहो..."

"आण म्हणते ना."

त्या गाडीत बसल्या. रंग उडालेल्या त्या गुळगुळीत जागेवर त्यांनी बोट ठेवलं. "इथे. हात पटकन जातो माझा."

"ही मामंजींची जागा आहे."

"म्हणूनच. आज ते असते तर त्यांनीच पाडलं असतं, आणि वर माझा कान पिळला असता. पाड गं बाई. माझं मन बदलायच्या आत पाड."

फ्यूजबाईने ड्रिल त्या जागेवर टेकवलं. वन्संनी आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि दोघींनी मिळून ड्रिल दाबलं. पत्र्याचा बारीक चुरा खाली पडला. दोन भोकं, दोन स्क्रू, खटका पक्का बसला. वन्संनी तो धरून गदागदा हलवून बघितला. मग त्याच्या शेजारी, उरलेल्या जागेवर, दोनदा थाप मारली.

"आता तपासून बघायला हवं," फ्यूजबाई म्हणाली. "तुम्ही दुकानात जा. मी इथून बोलते."

वन्सं गेल्या. फ्यूजबाई म्हातारीत बसली, माइक हातात घेतला आणि समोरच्या काचेकडे बघत बटण दाबलं. एवढ्या वर्षांत जे दारात, जेवताना, मोरीवर कधी जमलं नव्हतं, ते आता सोपं वाटलं.

"वन्सं, तुम्हाला उजेडात झोप लागते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती खोली तुम्ही मला दिलीत म्हणून मी माणसात आले. तुमचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज बोलते. आणि यापुढे वळणावर हळू चालवा. तुम्ही नसलात तर मला या घरात ओरडणारं कोण आहे?"

तिने बटण सोडलं.

रेडिओतून उत्तर आलं, "बरं."

त्यानंतर शब्द आला नाही, पण पलीकडचं बटणही सुटलं नाही. नुसता श्वास येत होता, मध्येच अडखळणारा, आणि नाक ओढल्याचा आवाज. फ्यूजबाई अंधार पडत चाललेल्या गाडीत बसून ते ऐकत राहिली, दुकानातल्या रेडिओचा टायमर शिट्टी मारेपर्यंत.