चंद्रीचा घास

“पहिला घास गाईचा. मग घरातल्यांचा, अन् सगळ्यात शेवटी आपला. एवढं सांभाळलंस तरी पुष्कळ झालं, पोरी.”

अंबूबाईंचा तो आवाज छायाच्या कानात अजून तसाच होता. लग्न होऊन ती मखमलाबादच्या मळ्यात आली, तेव्हा सासूबाईंनी गुळाचा खडा ठेवलेली पोळी तिच्या हातावर दिली होती आणि गोठ्याकडे बोट दाखवलं होतं. पुढे सासूबाई गेल्या. निम्म्या शेवंतीच्या जागी रोपवाटिका आली. गोठ्यातल्या गाईही बदलत गेल्या, आता चंद्री होती. नेम तेवढा तसाच चालू राहिला.

आणि आज तोच आवाज तिला भूमध्य समुद्राच्या मधोमध, जहाजावरच्या एका चिमुकल्या खोलीत ऐकू येत होता. काचेपलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर निळं पाणी. हातात फोन. आणि फोनवर काही म्हणजे काही नाही.

“आला का गं फोटू?” तिच्या नवऱ्याने, पुंजारामांनी, पलंगावर बसल्या बसल्या विचारलं.

“रेंजच नाही.”

“रेंज कशी असंल? माल्टा मागं राहिलं, क्रीट उद्या सकाळी. आज दिवसभर नुसतं पाणी. काल जहाजावरच्या त्या पोरीनं सांगितलं नाय का?”

सांगितलं होतं खरं. छायाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

ही सफर मुलाची, कुंदनची हौस. “अप्पा ऑपरेशनमधून उठले, आता दोघं जरा जग बघून या,” असा त्याने हट्टच धरला होता. छाया नाहीच म्हणत होती. तिला समुद्राचं भय नव्हतं, परक्या अन्नाचंही नव्हतं. पुंजारामांना शस्त्रक्रियेला आत नेलं होतं, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून तिने मनातल्या मनात सासूबाईंनाच साकडं घातलं होतं. ‘तुमच्या लेकाला सुखरूप बाहेर आणा, गाईचा घास एक दिवस चुकायचा नाही.’ ते सुखरूप बाहेर आले. पण तेव्हापासून नेमाला एक धास्ती चिकटली. घास चुकला तर यांच्या छातीत पुन्हा काही होईल, असं तिला वाटत राही. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती.

शेवटी सून हर्षालीने तोडगा काढला. “आई, तुमच्या वाटचा घास मी देईन. रोज फोटो पाठवते. फोटो बघा, मग खुशाल चहा घ्या.”

हर्षाली अंबडला एका कंपनीत नोकरीला. सकाळी एका हाताने वेणी आणि दुसऱ्या हाताने डबा, अशी तिची घाई. गोठ्याकडे ती कधी फिरकलेली छायाने पाहिली नव्हती. पण पोर आपणहून म्हणाली, तिला नाही कसं म्हणायचं?

त्या दिवसापासून रोज फोटो येत होता. बंदर जवळ आलं की फोनला जाग यायची, फोटो कितीतरी वेळ घेऊन उघडायचा, आणि मगच छायाच्या पोटात चहा जायचा. तोवर जहाजावरची माणसं खाली उतरून गावभर पांगलेली असत. नेपल्सला असंच झालं, सिसिलीला असंच, माल्टालाही तेच. पुंजाराम टोपी घालून दारात उभे राहत आणि म्हणत, “तुझी गाय काय व्हॉट्सअॅपवर चरती का?” ती हसून सोडून देई.

पण तिच्या मनात एक किडा शिरला होता. सगळे फोटो एकसारखे होते. चंद्रीचं तोंड, पुढे केलेला हात, हातात त्याच हिरव्या बांगड्या.

“अहो, एक बोलू? हे सगळे फोटो हिनं एकाच दिवशी काढून तर ठेवले नसतील?”

“का गं?”

“बांगड्या बघा. रोज त्याच.”

“मग काय, फोटूसाठी रोज नव्या बांगड्या भरायच्या व्हय तिनं?”

छायाने फोन पालथा ठेवला. सुनेवर शंका घेतल्याची तिला लाज वाटली, पण शंका काही गेली नाही.

दुपार व्हायला आली. वरच्या मजल्यावरून जेवणाचे वास येऊ लागले. छायाने जपाची माळ ओढून घेतली. माळ ओढता ओढता तिच्या लक्षात आलं, की पुंजाराम सकाळपासून खोलीतच आहेत. एरवी चहाबरोबर तीन तऱ्हेचे पाव हाणणारा माणूस.

“तुम्ही खाऊन आलात ना?”

“नाय.”

“अगंबाई! आणि गोळी?”

“गोळी खाल्ल्यावर घ्यायची असती. खाल्लं नाय, म्हणून घेतली नाय.”

“अहो, डॉक्टरांनी काय बजावलंय? छातीची गोळी आहे ती!”

“मला ठाऊक हाय. पण बायको उपाशी बसलीय न् आपण वर जाऊन गोडधोड खायचं, हे माझ्यानं होत नाय. तू खा, मी खातो.”

छायाने माळ बाजूला ठेवली. ज्यांच्या छातीसाठी घासाचा नेम धरला, त्यांचीच गोळी त्या घासापायी अडून बसली होती. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? तिने डोळे मिटले. आधी गाईचा, मग घरातल्यांचा. पण गाय तर समुद्रापार.

पुंजाराम उठून तिच्या शेजारी येऊन बसले. “हे बघ. घरून आणलेल्या दशम्या हायेत ना? काढ एक. अन् पहिला घास मला दे. आजच्या दिवस मीच तुझी गाय.”

“तुम्ही आणि गाय?” छायाला त्यातही हसू फुटलं. “मारका बैल म्हणा.”

“बैल तर बैल. त्यालाबी पोट हाय.”

तिने दशमी काढली, त्यावर गूळ ठेवला, गोठ्यात करायची तसाच नमस्कार केला आणि घास त्यांच्या तोंडात दिला. पुंजारामांनी चंद्रीसारखी मान हलवली. “चावू नका हं बोटं,” ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गोळी घेतली. मग तिनेही दोन घास खाल्ले. खाल्ले खरे, पण गोड लागले नाहीत. तिकडे चंद्रीला मिळाला की नाही?

“खरं सांगू का?” पुंजाराम पाणी पिऊन म्हणाले. “तुझा नेम लय चांगला. आईचा होता, म्हणून मलाबी प्यारा हाय. पण इथं आल्यापासून तू गाईकडं डोळे लावून बसत नायस, फोटूकडं बसतीस. पोरीनं शब्द दिला ना? मग तिच्यावर टाक की. उद्या सकाळी क्रीट येईल. एक दिवस तरी फोन न उघडता, गार वाऱ्यात माझ्यासंगं खाली उतर. रोज डोक्यावर ऊन घेऊनच उतरतो आपण.”

छायाने उरलेली दशमी फडक्यात बांधून ठेवली. मग हळूच म्हणाली, “बरं. उद्या उतरते. शब्द दिला.”

शब्द दिला, आणि लगेच रेंज आली का ते फोनमध्ये पाहिलं.

संध्याकाळी दोघं डेकवर जाऊन बसली. दूर ग्रीसच्या किनाऱ्याची काळसर रेघ दिसत होती. तिने तिन्हीसांजेचे हात जोडले, तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. फोटो नव्हता. हर्षालीचा बोललेला निरोप होता. छायाने फोन दोघांच्या मध्ये धरला.

“आई, आज फोटो राहिला, रागावू नका. दोन्ही हात गुंतले होते. पहिल्या दिवसापासून चंद्री माझ्या हातून खातच नव्हती, तोंड फिरवून उभी राहायची. मग मी तुमची ती घरातली हिरवी साडी अंगावर घेतली, तुमच्या बांगड्या घातल्या. तेव्हा कुठं खायला लागली. तेच सोंग करून रोज जाते बघा! आज साडीचा पदरच तोंडात धरून बसली, सोडीचना. ऑफिसला उशीर झाला, सांगितलं गाडी पंक्चर. आणि आई, हसू नका हं, तिनं खाल्ल्याशिवाय मला पण चहा जात नाही आता. अप्पांच्या गोळ्या वेळेवर द्या.”

पुढे चंद्रीचं हंबरणं ऐकू आलं आणि निरोप संपला.

छायाने तो पुन्हा लावला. हिरव्या बांगड्या तिच्याच होत्या! निघताना विमानात नकोत म्हणून काढून देवघरातल्या डब्यात ठेवलेल्या. रोज फोटोत समोर असून तिला स्वतःच्या बांगड्या ओळखता आल्या नव्हत्या. छातीवरचं ओझं कुणी अलगद उतरवून घ्यावं, तसं तिला झालं. तिने भरभरून श्वास घेतला. खारा वारा आत गेला आणि बऱ्याच दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

“साडी फाडली असंल चंद्रीनं,” पुंजाराम म्हणाले.

“फाडू दे मेली. चला, वर जेवायला चला. मला आज तो तुमचा गोड पाव खायचाय.”

सकाळी जाग आली तेव्हा जहाज थांबलं होतं. काचेतून क्रीटचा धक्का दिसत होता, मागे पांढरट घरं आणि त्यांच्या मागे चांदवडच्या बाजूला दिसतात तसे उघडेबोडके डोंगर. ऊन अजून घरांवर उतरलं नव्हतं. छायाने स्नान केलं, पूर्वेकडे तोंड करून हात जोडले, मनातल्या मनात चंद्रीच्या कपाळावरून हात फिरवला.

टेबलावर फोन वाजला. एकदा. मग पुन्हा एकदा.

तिचा हात पुढे गेला. तिथेच थांबला. मग तिने फोन उचलला आणि न बघताच खण उघडून पुंजारामांच्या मफलरखाली ठेवला. ते अजून बुटाच्या नाड्यांशी झटत होते. तिने दशमीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात दिला, एक आपल्या तोंडात टाकला, पदर खोचला आणि दार उघडून धक्क्याकडे उतरणाऱ्या जिन्याच्या दिशेने चालू लागली.