पंचवीस लिटर समुद्र

"चांगलं गोडं पानी हाये, अन् तुमी त्याच्यात मीठ टाकून राहिले," मनकर्णा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "डोकं ठिकानावर हाये ना तुमचं?"

देवमन बादलीपुढे उकिडवा बसला होता. मुंबईहून मागवलेलं मीठ तो फिल्टरच्या पाण्यात पळीपळीने सोडत होता आणि लाकडी उलथन्याने ढवळत होता. मग त्याने खारटपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली. नळी डुलली, वर आली, स्थिरावली. त्याने वाकून खुणेशी डोळा नेला.

"अजून दोन पळ्या लागन," तो म्हणाला.

"माह्या मायरच्या हिरीतून आनलं असतं तं मीठ तरी वाचलं असतं."

ती थट्टा करत नव्हती. मनकर्णाचं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीला पाणी होतं, पण त्यात डाळ शिजत नसे आणि झाडाला घातलं तर पानं करपत. गोड्या पाण्यासाठी ती दहाव्या वर्षापासून डोक्यावर हंडा घेऊन दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत चालत गेली होती. तिचा बाप जन्मभर ते खारं पाणी प्याला आणि पन्नाशीच्या आत त्याच्या किडन्या गेल्या. लग्न होऊन ती अमरावतीत राजापेठेतल्या या दोन खोल्यांत आली, त्या दिवशी नळाखाली ओंजळ धरून कितीतरी वेळ नुसती पीत राहिली होती. देवमनला हे सगळं माहीत होतं. म्हणून तो फक्त ढवळत राहिला.

देवमन एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. एकतीस वर्षं नोकरी करून जानेवारीत निवृत्त झाला. तिथल्या कपाटांत एकशे चाळीस बरण्या होत्या आणि त्या सगळ्या त्याच्या हातच्या होत्या. समुद्रतारा, समुद्रकाकडी, जेलीफिश, समुद्रफूल. फॉर्मॅलिन कमी झालं की तो भरायचा, झाकणांना मेण लावायचा, परीक्षेच्या दिवशी टेबलावर ओळीने मांडून ठेवायचा. पोरं यायची, नाव लिहायची, पुढे सरकायची. दर हिवाळ्यात विभागाची सहल कोकणात जाई. जाळी, बाटल्या, चिमटे देवमनच बांधून देई. पण प्रयोगशाळा उघडी ठेवायला कोणीतरी लागायचं, म्हणून तो मागे राही. एकतीस वर्षं समुद्राची धूळ पुसणाऱ्या माणसाने समुद्र पाहिला नव्हता.

निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं. आठ दिवस तो घरात नुसता बसून राहिला. नवव्या दिवशी थोरल्या भावाला, खुशालरावांना भेटायला अकोल्याला गेला. तिथे जुन्या शहरात शोभेचे मासे विकणाऱ्या योगेशच्या दुकानात एक लहानशी खाऱ्या पाण्याची टाकी त्याला दिसली आणि तो दुपारभर तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला. खुशालरावांकडे जेवायलाही गेला नाही.

पंचवीस लिटरची टाकी घरी आली, पण पहिला महिना तिच्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. वाळू, दोन-तीन सच्छिद्र दगड आणि पाणी फिरवणारा पंप.

"काका, पानी पिकू द्या," योगेश फोनवर सांगायचा. "घाई केली का सारं मरते."

डोळ्यांना न दिसणारे जीव आधी पाण्यात वसले पाहिजेत, मग दिसणारे, असं ते होतं. देवमन रोज सकाळी परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात रसायनाचे थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. एके दिवशी वाळूवर तांबूस साय धरली. आणखी काही दिवसांनी भिंग लावलं तर काचेवर खसखशीच्या दाण्याहून बारीक पांढरे जीव धावत होते. ते त्याने आणले नव्हते. दगडाच्या पोटात बसून ते अकोल्याहून आले होते.

एप्रिलमध्ये नखाएवढा निळा मासा आला आणि शंखात राहणारा एक खेकडा. मनकर्णा येता-जाता निळ्याकडे पाहायची, पण थांबायची नाही.

समुद्रफूल सापडलं ते शंखाच्या पाठीवर. देवमनला आधी वाटलं, काहीतरी घाण चिकटली आहे. भिंगातून पाहिलं तर तो ठिपका एक देठ होता, आणि देठाच्या टोकाला केसांसारखी बोटं पाण्यात हलत होती. आठवडाभरात त्याने शंख सोडला आणि पुढच्या दगडावर बैठक मारली. देवमनने फोटो काढून योगेशला पाठवला. लगेच फोन आला.

"काका, ते गवत समजा. एकाचे पन्नास होतेत, सारी टाकी खातेत. पानठेल्यावरचा चुना पान्यात कालवा, सुईनं त्याच्या तोंडात सोडा. खतम."

देवमनने चुना कालवला. सिरिंज भरली. टाकीतला पंप बंद केला आणि सुई हळूहळू दगडाकडे नेली. सुई वीतभर दूर असतानाच ते फूल दचकलं आणि क्षणात आत ओढलं गेलं. दगडावर नुसतं भोक राहिलं.

त्याचा हात पाण्यातच थांबला. समुद्रफुलाची बरणी त्याने किती वेळा उचलली असेल, हलवली असेल, उन्हाकडे धरून पाहिली असेल. ते पांढरं, उकडल्यासारखं, गच्च मिटलेलं असायचं. त्याला वाटे, ते असंच असतं. ते भितं, हे त्याला माहीत नव्हतं. पोरांना शिकवणाऱ्या सरांना तरी माहीत असेल का, असं त्याच्या मनात आलं.

त्याने सुई बाहेर काढली. अर्धा तास तो हललाच नाही. मग भोकातून एक बोट आलं, मग दुसरं, मग सगळं फूल उमललं. काचेसारखं आरपार, देठात चहाच्या रंगाची झाक. त्याने चिमट्याने कोळंबीचा राईएवढा तुकडा त्याच्यावर सोडला. बोटं तुकड्यावर मिटली आणि त्याला सावकाश मध्यभागी घेऊन गेली.

"त्याले डोये हायेत का?" मागून आवाज आला. मनकर्णा हातातलं ताट तसंच धरून उभी होती.

"नाही."

"नाक?"

"नाक बी नाही. मेंदू बी नाही."

ती वाकली. "मंग त्याले समजलं कसं, का हे खायाचं हाये?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न एकाही पोराने विचारला नव्हता. देवमनने सरकून तिला जागा करून दिली. मनकर्णाने ताट खाली ठेवलं आणि तिथेच फरशीवर बसली.

मे महिन्यात खुशालरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. देवमन सकाळच्या गाडीने अकोल्याला गेला. बारा वाजता त्याने घरी फोन लावला, तो लागला नाही. एक वाजता शेजाऱ्याला लावला. राजापेठेतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता, दहापासून वीज नव्हती. अकोल्यात ऊन पंचेचाळीसच्या वर होतं, अमरावतीत काही कमी नसणार. पंप बंद, टाकीवरचा पंखा बंद. एवढंसं पाणी तापायला वेळ किती लागणार? खुशालरावांच्या डोळ्यावर पट्टी बांधून झाली आणि तो एसटीत बसला. वाटेत त्याने मनातल्या मनात एकेकाला सोडून दिलं. आधी निळा, मग खेकडा, मग ते फूल.

घरी पोचला तेव्हा साडेपाच वाजले होते. दार उघडंच होतं. टाकीभोवती ओलं लुगडं गुंडाळलेलं होतं आणि मनकर्णा स्टुलावर बसून एका हाताने पुठ्ठ्याचा पंखा हलवत होती. दुसऱ्या हाताने पेला भरून घेत होती आणि पाण्यात हवा जावी म्हणून उंचावरून पुन्हा टाकीत सोडत होती. टाकीत गाठ मारलेली दुधाची पिशवी तरंगत होती, तिच्यात बर्फ. तिचा पदर खांद्यापर्यंत भिजला होता.

"रसवंतीवाल्याकून आनला बर्फ," ती म्हणाली. "तीन खेपा झाल्या. पिशवीतच ठेवला, पान्यात मिसळू नाही देला. नाहीतं तुमचं ते मीठ कमी झालं असतं."

"तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच बडबडत राह्यता ना दिवसभर." तिने पेला पुन्हा भरला. "निया गेला. दोनच्या सुमारास. मी लय पायलं त्याले हलवून."

वाटीखाली तिने त्याला झाकून ठेवलं होतं. निळेपणा जवळजवळ उतरला होता. दगडावर समुद्रफुलाच्या जागी मुगाएवढी करडी गाठ होती. देवमनने तिच्या हातातून पेला घेतला. तिची बोटं पाण्याने सुरकुतली होती आणि मनगटावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती.

वीज सात वाजता आली. दुसऱ्या दिवशी खेकडा चालू लागला, गाठ मात्र उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. देवमनने पाणी बदललं आणि दगडाकडे पाहणं सोडून दिलं. मनकर्णा पाहत होती. पोळ्या लाटता लाटता उठून येई, पाहून परत जाई.

चौथ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. मोठ्याने नाही, कोणी झोपलेलं असावं तशी. फूल पूर्ण उघडलेलं होतं. तिने बांगड्या मागे सारल्या, हात पाण्यात घातला आणि तर्जनी दगडाजवळ नेऊन थांबवली. फूल आत गेलं नाही. एक बोट तिच्या बोटाला लागलं, मग दोन-तीन लागली, आणि तिथेच राहिली.

"धरलं यानं मले," ती म्हणाली.

आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. चार झाल्या, पाचवी झाली. मनकर्णाने हात काढला नाही. देवमन उठला आणि जाऊन गॅस बंद करून आला.