हरभऱ्याची आंब

सलग तिसऱ्या सकाळी साखराबाईनं हरभऱ्यावर अंथरलेलं धोतर उचललं, मुठीत पिळलं आणि आभाळाला एक सणसणीत शिवी हासडली. धोतरातून थेंबसुद्धा निघाला नव्हता. मी शेजारच्या रानात होतो.

तिच्या नवऱ्याला, भुजंगदादाला, लातूरच्या डॉक्टरनं आता घरीच ठेवा म्हणून धाडलं होतं. पोटाचं दुखणं. घास उतरत नव्हता, तोंडाला चव नव्हती. त्यानं एकच मागितलं होतं, आपल्या रानातली आंब. आमच्या रेणापूरकडं संध्याकाळी हरभऱ्यावर धोतर अंथरतात. पाल्याच्या खारानं दव आंबट होतं, ते सकाळी उन्हाच्या आधी पिळून घ्यायचं. पोटाला हेच औषध. पण ऐन पुसाच्या थंडीत आभाळ येऊन बसलं होतं.

सून वर्षाराणी बारावी शिकलेली. ती म्हणाली, "आत्याबाई, ढगायचं पांघरूण हाय तवर जमीन गार होत न्हाई. गार झाल्याबिगर हवेतल्या वाफेचं पाणी होत न्हाई."

"मंजी पाणी हाय, पर खाली उतरंना?"

"हाव."

"मग माज्यावरच रुसलंय मेलं."

चौथ्या दिवशी साखराबाईला राहवलं नाही. पाण्यात लिंबू पिळून, मीठ टाकून तिनं आंब म्हणून त्याच्या ओठाला लावलं. भुजंगदादानं एक घोट घेतला आणि तिच्याकडं बघितलं.

"लिंबू हाय की गं हे."

तिनं मान खाली घातली. बिचारीला धड खोटंही बोलता येत नव्हतं. मला राग आला आणि रडूही.

त्याच संध्याकाळी ढग पांगले, कडाका पडला. सकाळी सगळं शिवार ओलंचिंब. अर्धा तांब्या आंब निघाली. विरलेलं धोतर बोरीवर टाकून साखराबाई कोसभर वाट पळत सुटली, मागं मी.

"अवं, तोंड उघडा. आपल्या रानाची हाय."

तिनं दोन चमचे पाजले. रात्रीतून त्याची जीभ पार मेली होती.

"आजबी लिंबूच का? असू दे. तू पाजलंस न्हवं."

"न्हाई वो! माज्या आईची आण, आंब हाय! भाऊजी, पळा, ते धोतर आणा, दावा ह्यास्नी!"

मी पळालो. ऊन चांगलंच वर आलं होतं आणि रानातलं दव कुठल्या कुठं उडून गेलं होतं. बोरीवरचं धोतर हाताला कोरडं लागलं. तसंच घेऊन आलो, तर दारात बाया रडत होत्या.

साखराबाईनं धोतर माझ्याकडून घेतलं, हुंगलं. आंबट वास अजून होता. तिनं ते त्याच्या नाकाशी धरलं आणि कितीतरी वेळ धरूनच बसली.

"आता तरी पटलं का वो?"