कपाटाखालचा शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. जाडजूड, लाल कापडी बांधणीचा आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठ. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका लोखंडी कपाटाच्या पायाखाली आहे. कपाट कुरकुरतंय, म्हणून घाईनं सांगतो.

छापखान्यातून मी शिकवणीच्या बाईंकडे आलो. त्यांच्या पुढच्या खोलीत मुलं दाटीवाटीनं बसत. 'कीप' या क्रियापदाचं माझं पान हाताळून हाताळून मऊ पडलं होतं. वस्तू ठेवणं, शब्द पाळणं, गुपित राखणं, कोंबड्या पाळणं, दूध टिकणं, चालत राहणं. एवढ्याशा शब्दाचे इतके अर्थ ऐकून मुलं तोंडात बोटं घालत. "याला विचारा, हा कधी कंटाळत नाही," बाई म्हणत. तेव्हा मला आभाळ ठेंगणं वाटायचं.

पुढे बाई थकल्या, शिकवणी बंद झाली. त्यांचा मुलगा प्लंबर. त्यानं खोलीत हे कपाट आणलं आणि वरच्या खणात नळ, पाइपचे तुकडे, पकडी कोंबल्या. फरशी खचलेली होती, कपाट पुढे झुकलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि पुढच्या पायाखाली मला सारलं.

"उद्या लाकडी ठोकळा आणतो," तो म्हणाला.

तो उद्या अजून उजाडायचा आहे. अंधारात मी एकच आस धरली, कुणीतरी मला पुन्हा उघडावं. फरशी मात्र खचतच गेली. आता माझ्यावाचून कपाटाला आधार नाही.

आज बाईंची नात ठमी इथं अभ्यासाला बसली.

"आजी, मोबाइलमध्ये कीपचे तीनच अर्थ आहेत गं!"

"छे! माझ्या लाल शब्दकोशात ढीगभर होते. कुठे गेला कोण जाणे," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

ठमी खाली वाकली. "आजी, सापडला! कपाटाखाली आहे! काढू?"

आत मिक्सर सुरू झाला होता. त्या घरघरीत ठमीची हाक बुडून गेली.

ती पालथी पडली. तिची बोटं माझ्या पाठीला लागली. किती वर्षांनी लहान मुलाचा हात! ज्या स्पर्शासाठी मी झुरलो, तोच आज मला नकोसा झाला आहे. पहिल्या झटक्याला मी हललो नाही. दुसऱ्याला बोटभर सरकलो. वर नळ एकमेकांवर आपटले.

"हट्टी आहेस हं," ती हसली आणि तिनं मला दोन्ही हातांनी धरलं.

मित्रांनो, पुस्तकं सांभाळा, असं एरवी सांगितलं असतं. आज तेवढा वेळ नाही. माझ्या पोटात हजारो शब्द आहेत, पण एकही ओरडता येत नाही. तुम्ही तरी तिला हाक मारा.